१४५६७ : नंबर कोणाच्या मोबाइलमध्ये हवा?

ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन फुकट आहे, रोज सकाळी ८ ते रात्री ८ चालते, मराठीत बोलता येतं. पेन्शनचा अर्ज कुठे द्यायचा, पोरगा पोसत नाही तर दाद कुठे मागायची, असल्या प्रश्नांना ती चांगली. आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली पोराकडून खर्च मिळावा म्हणून एसडीओकडे (उपविभागीय अधिकारी) अर्ज करता येतो, हे कित्येक गावांत माहीतच नसतं.

पण म्हातारा माणूस स्वतःचंच पाहेनासा होतो तेव्हा तो फोन करत नाही. विचाराल तर "मले काय धाड भरली?" म्हणून वाटेला लावतो. म्हणून हा नंबर त्याच्या भिंतीवर लिहून उपयोग नाही. शेजारी, आशाताई, किराणावाला यांच्या मोबाइलमध्ये पाहिजे.

घरधनीण गेली की तेरवीपर्यंत वसरी भरलेली असते, मग कोणी फिरकत नाही. पुढचे महिने जपायचे. सामुदायिक प्रार्थनेला नेमाने येणारा आठ-दहा दिवस दिसत नाही, चूल थंड अन् बिस्किटाचे पुडे पडलेले, नखं वाढलेली, बीपीच्या गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी, रांजणात अळ्या. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की फोन लावा. लोक याला हेकटपणा म्हणतात आणि तिथंच चुकतं. मागे उदासी असते, स्मृतिभ्रंश असतो, मोतीबिंदू असतो; कधी नुसती कवळी बसत नसते म्हणून भाकर सुटलेली असते.

फोनवर नाव, अंदाजे वय, गावासोबत तालुका-जिल्हा (वडगाव, पिंपळगाव ढिगानं आहेत), घराची खूण आणि शेजाऱ्याचा नंबर द्या. "लक्ष देत नाही" असं मोघम नको. शेवटचं जेवताना कोणी, कधी पाहिलं ते सांगा.

या हेल्पलाइनला माझे गुण पाचपैकी साडेतीन. रात्री ८ नंतर बंद. उन्हाळ्यात माणूस बरळू लागला, उठेना, लघवी कमी झाली तर इथे वेळ घालवू नका, सरळ १०८. आणि भानावर असलेला माणूस नाही म्हणाला तर फोनवरचे लोक त्याला उचलून नेऊ शकत नाहीत. पोरांकडून निर्वाह मागायचा तो २००७ चा कायदा इथे कामाचा नाही.

रोजची ये-जा तर गावालाच करावी लागते. डबा ठेवून निघालात तर तो संध्याकाळी कुत्र्यापुढे जातो. आपलीही भाकर सोबत न्या, तिथंच बसून खा. मदतीचं नाव काढू नका, "आबाजी, तुरीवर अळी पडली, काय मारू?" असं विचारा.