रुळांकाठच्या निरीक्षणासाठी ८×४२ दुर्बीण

मालगाडीच्या वाघिणींवरचे क्रमांक टिपायचे असतील तर हातात धरायला १०×४२ पेक्षा ८×४२ दुर्बीण उजवी. यातला पहिला आकडा दृश्य किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दृश्य जास्त पट मोठं झालं की हाताचा कंपही मोठा दिसतो आणि धावते आकडे पुसट होतात. शिवाय ४२ला ८ने भागलं की ५.२५ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्याकडे येतो. १० पटीत तो ४.२ वर उतरतो. संध्याकाळच्या उपनगरी गाड्या पाहताना हा फरक चांगलाच जाणवतो.

आधी दोन्ही डोळे जुळवा. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डावीकडचं दृश्य स्पष्ट करा, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. हे टाळलं तर डोळ्यांवर ताण येऊन डोकं दुखतं. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, किमान १५ मिलिमीटर हवा.

भर दुपारी लांबचं इंजिन थरथरताना दिसलं तर काचेला दोष देऊ नका. तापलेल्या खडीवरची हवाच तशी हलते. नायट्रोजन भरलेली दुर्बीण आतून धुकाळत नाही, बाहेरून मात्र धुकाळतेच. दुर्बीण डोळ्याला असताना पाऊल उचलू नका, अंतराचा अंदाज हमखास चुकतो. जवळून वेगात जाणाऱ्या गाडीसाठी ती निरुपयोगी. तिथे नुसते डोळेच बरे.