म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी गेली: घरी सलाईन की शेवटचं इंजेक्शन?

आधी आजार जुना की ताजा, ते पाहा. जुन्या किडनीविकारात क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साचणारा कचरा) ५ मिग्रॅ/डेसीलिटरच्या वर म्हणजे चौथा, शेवटचा टप्पा. पण पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) झालेल्या कुत्र्याचा आकडाही ८ येऊ शकतो आणि उपचारांनी उतरूही शकतो. अंगातलं पाणी कमी झालं तरी हा आकडा वाढतो. म्हणून पहिल्या रिपोर्टवर काही ठरवू नका; दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन देऊन पुन्हा रक्त तपासा.

जुनाच आजार निघाला, तर घरी सलाईन म्हणजे खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन सोडणं. मात्रा डॉक्टर वजनावर ठरवतात. फुगवटा पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढची मात्रा देऊ नका, फोन करा. हृदय अशक्त असेल तर पाणी फुप्फुसात साचतं. झोपेत मिनिटाला ३० हून जास्त श्वास दिसले की थांबा. सलाईनने किडनी बरी होत नाही, मळमळ कमी होते, चार घास पोटात जातात. ते जाताहेत तोवर हीच वाट बरी.

औषध देऊनही उलट्या, तोंडात व्रण, आवडतं चिकन हुंगून मान फिरवणं, जागेवरच लघवी: हे दिसू लागलं की सलाईन फक्त हाल लांबवतं. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांच्या मोजपट्टीत वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगले दिवस यांना प्रत्येकी १० गुण असतात; जास्त गुण म्हणजे स्थिती बरी. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर इंजेक्शनची घाई नको. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. जो रात्री उठून पुसतो त्याचे बहुधा कमी येतात, आणि तेच खरे धरा.

‘आपोआप जाऊ दे’ ही तिसरी वाट या आजारात सगळ्यात वाईट: शेवटी झटकेही येऊ शकतात.

इंजेक्शन ठरलं तर आधी गुंगीचं औषध, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडेच राहतात, लघवी सुटते, एखादा आचका येतो. तेव्हा त्याला शुद्ध नसते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “आधी पूर्ण भूल देणार ना?” भुलीशिवाय मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड टोचणार असतील, तर सरळ दुसरा दवाखाना गाठा. दहनाची सोयही आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि लहान मुलांना ‘झोपवलं’ म्हणू नका. ती रात्री झोपायला घाबरतात.