रिंग रोडवरचे टायरवाले चाचा: रोटेशनचा रिव्ह्यू

आधीच सांगून देतो, काम चांगलं आहे, पैसे बरोबर घेतात, पण रविवारी सकाळी चुकूनही जाऊ नका, त्या दिवशी अर्ध्या नागपूरला टायर आठवतात. मधल्या वारी दुकान उघडल्या उघडल्या गेलं तर तासाभरात मोकळे. छत्रपती चौकाकडून प्रतापनगरकडे जाताना रिंग रोडवर आहे, बोर्ड छोटा आहे पण बाहेर जुन्या टायरची चळत दिसते तिथं थांबायचं. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या अन् एक कूलर, बाकी थाट काही नाही. मी गेलो होतो रोटेशनला, म्हणजे पुढची-मागची चाकं आपसात बदलून घ्यायला, त्यामुळे हे सगळं मुख्य त्याबद्दलच.

मला आवडलं ते हे की गाडी आत घेतली की लगेच जॅक लावत नाहीत. मालकांना सगळे चाचाच म्हणतात. ते आधी चारही टायरवर तळहात फिरवतात, बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत अन् उलट फिरवल्यावर दात लागले तर टो, म्हणजे चाकांचं तोंड सरळ राहणं, बिघडला आहे, हे मशीनवर चढवायच्या आधीच सांगतात. मग खिशातून खाचांची खोली मोजायचं छोटं डेप्थ गेज काढलं अन् प्रत्येक टायरला तीन ठिकाणी लावलं, आतली कड, मधात, बाहेरची कड. माझी स्विफ्ट आहे, पुढचे टायर पावणेपाच मिमीच्या आसपास अन् मागचे साडेसहा. नवीन टायर साधारण ८ मिमीचा असते, म्हणजे तेवढ्याच किलोमीटरमध्ये पुढचे मागच्यापेक्षा दुप्पट घासले. आकडे एका कार्डावर लिहून दिले, मीटरचं रीडिंग पण टाकलं. इतक्या वर्षांत असं कोणी लिहून दिलं नव्हतं बाप्पा.

पुढचे दुप्पट काहून घासतात तर स्विफ्ट, वॅगनआर, आय-ट्वेंटी या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. इंजिनचं वजन पुढं, गाडी ओढायचं काम पुढच्याच चाकांना, वळायचं पण त्यांनीच, ब्रेक दाबला की सगळा भार पुन्हा पुढंच येते. मागचे दोघं नुसते मागून येत राहतात. शहरात चौकाचौकात थांबा-निघा आणि यू-टर्न असले की फरक अजूनच वाढते.

आता तो प्रश्न जो तिथं खुर्चीवर बसलेला प्रत्येक माणूस विचारून राहिला होता, रोटेशन किती किलोमीटरला. चाचा म्हणाले, "भाऊ, आठ ते दहा हजारात करून घेत जा, पंधरावर नेऊन मग येऊ नका." टायर कंपन्या पण साधारण याच घरातला आकडा सांगतात, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकदा पाहून घ्या. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांची सर्व्हिस १०,००० किमीला असते, त्यामुळे लक्षात ठेवायचं टेन्शन नाही, सर्व्हिस तेव्हा रोटेशन. पण ज्यांची गाडी धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स एवढीच फिरते, वर्षाला पाच-सहा हजार होतात, त्यांनी किलोमीटर भरायची वाट पाहत बसू नये, वर्षातून एकदा करूनच टाकावं. अन् नवीन टायर टाकले असतील तर पहिलं रोटेशन तर बिलकुल चुकवायचं नाही, कारण नवीन टायरचे गट्टे, म्हणजे खाचांमधले रबराचे ठोकळे, खोल असतात, जास्त लवतात, वाकडं घासणं तिथूनच सुरू होते अन् एकदा टायरनं आकार धरला की मग आवाज जात नाही.

पंधरा हजारावर नेलं तर काय बिघडते? बिघडते असं की तोवर पुढच्या-मागच्यात इतका फरक पडते की अदलाबदल करून पण बरोबरी होत नाही, रोटेशनचा सगळा मुद्दाच चारही जण सोबत म्हातारे व्हावेत हा आहे.

माझ्या शेजारी एक जण हुंडाई क्रेटा घेऊन आले होते, त्यांचा पुढचा टायर आतल्या कडेनं पार खाल्लेला, बाहेरून पाहिलं तर नवीन वाटे. त्यांना फक्त रोटेशन हवं होतं, चाचांनी नाही म्हटलं. म्हणाले आधी अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांचा कोन सरळ करून घ्या, नाही तर मागचा चांगला टायर पुढं येऊन तोही असाच खाल्ला जाईल. हे मला पटलं. रोटेशन म्हणजे इलाज नाही, वाकडं घासण्याचं कारण तसंच राहते. मधात घासला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी, एकच कड घासली तर अलाइनमेंट, अन् जागोजागी खड्डे खड्डे झाले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का, ते पाहायचं. सिमेंट रोड टायर खातात अशी आपल्याकडे सगळ्यांची तक्रार, चाचांचं म्हणणं सिमेंटपेक्षा त्याची कड वाईट. सिमेंट रोड अन् बाजूच्या गट्टूमध्ये, म्हणजे पेव्हर ब्लॉकमध्ये, जी पायरी असते ना, तिच्यावरून तिरपं चाक उतरवलं की अलाइनमेंटचे बारा वाजतात. मनीषनगरला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

चाकं फिरवायची कशी यात पण एक गंमत झाली. दुकानातला नवीन पोरगा सरळ पुढचं मागं, मागचं पुढं करून राहिला होता, चाचांनी थांबवलं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे दोन सरळ त्याच बाजूला मागं जातात अन् मागचे दोन क्रॉस होऊन पुढं येतात, म्हणजे मागचा डावा पुढं उजवीकडे. रिअर व्हील ड्राइव्ह असेल, बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टा, तर याच्या उलट, मागचे सरळ पुढं अन् पुढचे क्रॉस होऊन मागं. इनोव्हाच्या नावावर जाऊ नका, हायक्रॉस फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, आमच्या काकांची क्रिस्टा आहे अन् त्यांच्या मित्राची हायक्रॉस, दोघं एकमेकांना चुकीचा सल्ला देत राहतात. अन् टायरच्या भिंतीवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर क्रॉस करायचंच नाही, त्याच बाजूला पुढं-मागं एवढंच. स्टेपनी बाकी चाकांच्याच साइजची असेल तर ती पण फेऱ्यात घेता येते, पण आजकाल बऱ्याच गाड्यांत स्टेपनी बारकी देतात, तिच्यावर ताशी ८० किमीची मर्यादा लिहिलेली असते, ती फक्त दुकान गाठण्यापुरती.

याआधी एका सर्व्हिस सेंटरमध्ये, नाव नाही घेत, बिलावर रोटेशनचे पैसे लावले अन् चाकं जागची हलवली नव्हती. कळलं कसं तर पुढच्या डाव्या टायरच्या भिंतीला फुटपाथचा ओरखडा होता, गाडी घरी आली तेव्हा तो तिथंच होता. तेव्हापासून गाडी टाकायच्या आधी प्रत्येक टायरवरचा तारखेचा कोड फोनमध्ये फोटो काढून ठेवतो, म्हणजे शेवटचे चार आकडे, २३२२ असेल तर २०२२ चा तेविसावा आठवडा. चारही सारख्याच आठवड्याचे असले तर खडूनं आतल्या बाजूला खूण करायची. इथं त्याची गरज पडली नाही, डोळ्यासमोरच चाकं फिरवतात, बाजूला उभं राहिलं तरी कोणी हटकत नाही.

खुर्च्यांवर एक वाद पण रंगला होता. एक काका म्हणे रोटेशन करूच नये, पुढचे दोन संपले की दोन घ्यायचे, मग पुढच्या वर्षी दोन, खिशाला झेपते. रोटेशन केलं तर चारही एकदम संपतात अन् एकदम मोठं बिल. मुद्दा चुकीचा नाही, ज्याला चार टायरचे पैसे एका महिन्यात काढणं जड आहे त्याला मी काय सांगू. पण मग ते नवीन दोन पुढं लावतात, तिथं गडबड आहे. नवीन जोडी मागं लावायची असते, कारण पावसात मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते अन् ती सावरणं आपल्यासारख्याच्या हातचं नाही, पुढचे घसरले तर निदान स्पीड कमी करून गाडी ताब्यात येते. काकांना हे चाचांनी सांगितलं तरी ते काही पटल्यासारखे दिसले नाही. मी चारही सोबतच बदलणार, मला पावसात मागचे टायर अर्धे गोटा अन् पुढचे कोरे अशी गाडी चालवायची नाही. तसंही १.६ मिमीला टायर संपला समजतात, खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, गट्टे तिथपर्यंत घासले की बदलायचं, मोजायला गेज पण नाही लागत.

हवेबद्दल एक सांगायचं राहिलं. रोटेशन झाल्यावर हवा पुन्हा सेट करावी लागते, बऱ्याच गाड्यांना पुढं-मागं हवा वेगळी असते अन् चाक जुनीच हवा घेऊन नव्या जागी जाते. इथं ते न सांगता करतात, दाराजवळचा स्टिकर पाहून. नायट्रोजनचं विचारलं, नाही म्हटलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. अन् उन्हाळ्यात हवा कमी ठेवा हा जो सल्ला प्रत्येक पंपावर मिळते तो चाचांनी एका वाक्यात उडवला. हवा कमी असली की टायर जास्त लवते, जास्त लवला की जास्त तापते, अन् फुटते तो तापून. पारा ४५ च्या वर, शिवमडक्यावरून समृद्धीला लागायचं, कारला १२० ची मर्यादा, अशा वेळी कमी हवेचा किंवा कडक झालेला जुना टायर म्हणजे खेळ नाही. सकाळी गार टायरवर हवा मोजायची, कंपनीनं जेवढी सांगितली तेवढी. गाडी वर्षभर उन्हात उभी राहत असेल तर गट्टे चांगले दिसले तरी भिंतीला बारीक चिरा पडल्या का ते पण पाहून घ्या.

पैसे म्हणाल तर रोटेशन, बॅलन्सिंग अन् अलाइनमेंट तिन्ही मिळून हजाराच्या आत झालं, माझ्या गाडीला अलाइनमेंटची गरज थोडीच होती पण प्रिंट काढून आधीचे अन् नंतरचे आकडे दाखवले, म्हणून दिले. बॅलन्सिंगच्या वजनाचे पैसे ग्रॅमवर लावतात, ते आधी विचारून घ्या.

आता जे नाही आवडलं ते. नट गननं कसतात, धडधड करून, टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानंच कसायचा पाना, भिंतीवर लटकलेला आहे पण मागितल्याशिवाय खाली येत नाही. मी मागितला, पोरानं जरा तोंड वाकडं केलं पण लावला. गननं जास्त कसले गेलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर आपल्या पान्यानं सुटत नाहीत, घरच्यांसोबत कोंढाळीच्या पुढं उभे असाल तेव्हा कळते. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासायचे असतात, ते पण स्वतःहून सांगत नाहीत, तुम्ही गेलात तर फुकट पाहून देतात एवढं खरं. नंबर लावायची पद्धत नाही, जो जोरात बोलेल त्याची गाडी आधी. ऊन वाढलं की दुपारी शटर अर्धं खाली असते, फोन करून जा. आणि स्टेपनीची हवा सांगितल्याशिवाय पाहत नाहीत, तेव्हा डिक्कीतलं सामान घरीच काढून ठेवा.