सूक्ष्म पोषकद्रव्यांची पुडी: वस्तू उत्तम, पण ती मुलाच्या तोंडी लागते का?

सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांच्या जेवणात मिसळायची सूक्ष्म पोषकद्रव्यांची पूड कमी उत्पन्नाच्या अनेक देशांतील पोषण कार्यक्रमांत वर्षानुवर्षे वापरली जात आहे. तिचे परीक्षण लिहिताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पुडीत जे भरले आहे ते काम करते का, हा पहिला. आणि ती पुडी गोदामातून निघून मुलाच्या पोटात जाते का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले आहे. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक कार्यक्रमाला स्वतः शोधावे लागते, आणि माझ्या मते या वस्तूचा खरा कस तिथेच लागतो.

आधी वस्तूविषयी. एका पुडीत एक ग्रॅम पूड असते. प्रचलित मिश्रणात पंधरा जीवनसत्त्वे व खनिजे असतात. त्यांपैकी लोह 10 मिलिग्रॅम, जस्त 4.1 मिलिग्रॅम आणि अ जीवनसत्त्व 400 मायक्रोग्रॅम. टोरांटोतील बालरोगतज्ज्ञ स्टॅनली झ्लॉटकिन यांनी 1990 च्या दशकात ही कल्पना पुढे आणली, कारण रक्तक्षयासाठी दिले जाणारे लोहाचे थेंब आयांना नकोसे झाले होते: चव धातूसारखी, दातांवर डाग, आणि ड्रॉपरवरच्या रेषा मोजण्याची कटकट. पुडीत लोहाचे कण स्निग्ध पदार्थाच्या पातळ थरात गुंडाळलेले असतात, त्यामुळे अन्नाची चव व रंग बदलत नाहीत, आणि मात्रा मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. एका मुलाला एका दिवशी एक पुडी, एवढेच लक्षात ठेवायचे. वाचता न येणाऱ्या आईलाही सांभाळता येईल अशी मात्रा ठरवणे हे माझ्या दृष्टीने या पुडीचे सर्वांत मोठे यश आहे.

वापरताना मात्र एक बारकावा आहे आणि तो पुष्कळदा सांगितलाच जात नाही. मी मुद्दाम दोन वाट्यांत सारखेच मऊ अन्न घेतले. एकात ते कोमट झाल्यावर पूड मिसळली, तर दुसऱ्यात चुलीवरून उतरवल्याबरोबर. पहिल्या वाटीत पूड मिसळल्याचे कळतही नव्हते. दुसरीत थोड्याच वेळात रंग काळपट झाला आणि जिभेला लोखंडाची चव लागली, कारण अतिउष्णतेने स्निग्ध थर वितळून लोह मोकळे होते. म्हणूनच पूड शिजवताना न घालता खाण्याजोग्या उष्णतेला आलेल्या अन्नात घालायची आणि साधारण अर्ध्या तासात ते अन्न संपवायचे असते. ती सगळ्या भांड्यात न घालता मूल एका बैठकीत संपवील तेवढ्याच घासांत मिसळायची, हेही तितकेच महत्त्वाचे. ही दोन वाक्ये सांगायला एक मिनिट पुरते. ती न सांगितल्यास मूल दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते आणि आईची समजूत होते की पूडच वाईट आहे.

परिणामाबाबत पुरावा चांगला आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2020 च्या कॉक्रन आढाव्यानुसार दोन वर्षांखालील मुलांत या पुडीमुळे रक्तक्षयाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी आणि लोहाच्या कमतरतेचा धोका सुमारे 53 टक्क्यांनी कमी होतो. उंची व वजन यांवर मात्र ठळक परिणाम दिसत नाही, तेव्हा खुरटलेपणावरचा उपाय म्हणून ती कोणी पुढे करत असेल तर ते चुकीचे आहे. सावधगिरीची जागाही आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, झांझिबारमधील पेम्बा बेटावरच्या चाचणीत मलेरियाग्रस्त भागातील मुलांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले आढळले होते. त्यानंतर घानामध्ये मच्छरदाण्या व मलेरियावरील उपचार यांची सोय करून लोहयुक्त पूड देण्यात आली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मलेरियाचे प्रमाण वाढले नाही, परंतु पूड चालू असताना रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या लोह मिळणाऱ्या गटात काहीशी अधिक होती. त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशात ही पुडी एकटी पाठवू नये. तिच्यासोबत मलेरियाचे प्रतिबंध, निदान व उपचार पोहोचलेच पाहिजेत.

आता दुसरा प्रश्न. पूड मुलापर्यंत जाण्याचे टप्पे मोजून पाहावेत: केंद्रावर साठा असणे, आईला त्याची माहिती होणे, तिने पुड्या घेणे, मुलाला पहिल्यांदा देणे, आणि देत राहणे. प्रत्येक टप्प्यावर शंभरातील 80 जणी पुढे जातात असे धरले, तर पाचव्या टप्प्याअखेर सुमारे 33 जणीच उरतात. कुठल्याही एका टप्प्याचा आकडा पाहून कोणाला काळजी वाटणार नाही, पण दोन तृतीयांश मुले वाटेत गळालेली असतात. एका कार्यक्रमाच्या नोंदवह्या मी पाहिल्या होत्या. ‘वाटप पूर्ण’ हा रकाना शेवटच्या पानापर्यंत भरलेला होता, आणि मुलाने किती पुड्या खाल्ल्या यासाठी रकानाच आखलेला नव्हता. घरी गेल्यावर एका आईने न फोडलेल्या पुड्यांचा गठ्ठा काढून दाखवला. पहिल्या आठवड्यात बाळाची शी काळी झाली, म्हणून ती घाबरली होती. लोह घेतल्यावर शी काळसर होते हे तिला कोणीही सांगितले नव्हते. ती आई निष्काळजी नव्हती. दिसलेल्या लक्षणावर तिने शहाणपणाने निर्णय घेतला होता, आणि तिच्या त्या शहाणपणाला उत्तर द्यायला कार्यक्रमाकडे माणूस नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

अंमलबजावणीशास्त्राचे काम नेमके इथे सुरू होते. आई ऐकत नाही असे म्हणून थांबण्याऐवजी कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने गळती होते याचा शिस्तीने शोध घ्यायचा, कार्यक्रम चालू असतानाच दुरुस्ती करायची आणि दुरुस्तीचा परिणामही मोजायचा. बांगलादेशातील एक अभ्यास याचे सुंदर उदाहरण आहे. तिथे सर्व मुलांना 60 पुड्याच दिल्या गेल्या. काही घरांना त्या रोज एक याप्रमाणे दोन महिन्यांत संपवायला सांगितले, तर काहींना दिवसाला एकीपेक्षा जास्त न देता तीन किंवा चार महिन्यांत सोयीने संपवण्याची मुभा दिली. चार महिन्यांची मुभा मिळालेल्या घरांत पुड्या अधिक नियमाने संपल्या आणि रक्तक्षय बरा होण्याचे प्रमाणही अधिक राहिले. पूड तीच, संख्या तीच. बदलला तो फक्त आईवरचा विश्वास. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही रोजची सक्ती नाही, सहा महिन्यांत 90 पुड्या एवढेच उद्दिष्ट आहे.

म्हणजे काय बदलायचे आणि काय मुळीच बदलायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. दिवसाला एकच पुडी आणि एका मुलाची पुडी दुसऱ्यात न वाटणे हा गाभा आहे, तिथे तडजोड नाही. वाटप लसीकरणाच्या दिवशी करावे की घरोघरी, वेष्टनावर कोणते चित्र असावे, पुडीला स्थानिक भाषेत काय म्हणावे, हे मात्र त्या त्या ठिकाणच्या लोकांना विचारूनच ठरवले पाहिजे. अंमलबजावणीशास्त्राच्या अभ्यासक एनोला प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अंमलबजावणीच्या यशाचे आठ निकष मांडले. त्यांपैकी स्वीकारार्हता, व्यवहार्यता आणि टिकाऊपणा हे तीन मला या पुडीच्या बाबतीत सर्वाधिक उपयोगी वाटतात. पोषण कार्यक्रमांत मोजणी बहुधा व्याप्तीची, म्हणजे कार्यक्रम किती जणांपर्यंत पोहोचला याची होते, आणि तीही वाटलेल्या खोक्यांवरून.

तक्रार एकाच गोष्टीची आहे आणि ती पुडीविषयी नाही. निविदेत पुड्यांची संख्या, त्यांतील घटक, वैधता, पोहोचवण्याची तारीख असे सगळे लिहिलेले असते; आरोग्य स्वयंसेविकेच्या प्रशिक्षणाचा, तिच्या दुसऱ्या गृहभेटीचा आणि पूरक आहाराविषयीच्या समुपदेशनाचा खर्च मात्र ‘इतर’ या सदरात जातो आणि निधी आटला की सर्वांत आधी तोच कापला जातो. परिणामी पूड येते आणि ती समजावून सांगणारी बाई येत नाही. पुडीमुळे आहाराची उणीव पूर्ण भरून निघते असा समज पसरू नये, यासाठीही ती बाई लागते.

माझी शिफारस अशी आहे. पाच वर्षांखालील किंवा दोन वर्षांखालील मुलांत रक्तक्षय 20 टक्के किंवा त्याहून अधिक असेल, मलेरियावरील उपाय हाताशी असतील आणि समुपदेशनासाठी स्वतंत्र तरतूद असेल, तर ही पुडी अवश्य स्वीकारावी. पहिली मागणी मात्र लहान ठेवावी. तेवढ्यावर एखाद्या भागात दोन-तीन महिने काम करून, दर पंधरवड्याला काही घरी जाऊन रिकाम्या पुड्या मोजाव्यात, आणि न फोडलेल्या पुड्या का राहिल्या हे आईला तिच्याच शब्दांत सांगू द्यावे. मोठी मागणी नोंदवण्याआधी वाटपाचा दिवस, वेष्टनावरचे चित्र आणि स्वयंसेविकेने सांगायची वाक्ये त्या उत्तरांनुसार बदलून घ्यावीत.