जुन्या ओट्याखाली काय करावं : कडप्पा ठेवून ट्रॉल्या की सगळं तोडून मॉड्युलर?

जुन्या बिल्डिंगमधलं किचन करायला काढलं की हा प्रश्न येतोच. ओट्याखाली कडप्प्याची उभी पार्टिशनं असतात, ती तशीच ठेवून स्टीलच्या ट्रॉल्या आणि नवी शटरं लावायची, का सगळं तोडून प्लायचं फुल मॉड्युलर करायचं? आम्ही पहिलं केलं, बहिणीने दुसरं, आणि तिच्याकडे माझं जाणंयेणं नि स्वयंपाकघरात लुडबुड भरपूर, म्हणून दोन्हीबद्दल लिहितोय.

दिसायला बहिणीचं किचन उजवं आहे, त्यात वादच नाही. सगळे ड्रॉवर एका रेषेत, हँडल नाहीत, आणि कोपऱ्यात मॅजिक कॉर्नर बसवल्यामुळे मागचं भांडं पण ओढलं की पुढे येतं. आमचा कोपरा होता तसाच खोल राहिला, तिथे सणासुदीलाच निघणारी मोठी पातेली जातात. छोट्या वस्तूंनाही ड्रॉवरच बरा, तारेच्या ट्रॉलीत छोटी डबी ठेवली की कलंडते, आम्ही खाली मॅट टाकून भागवलंय. ताटं, डबे, कुकर मात्र दोन्हीकडे सारखेच मावतात असा माझा तरी अनुभव आहे.

आता ज्यामुळे माझं मत ठरलं ते म्हणजे सिंकखालचं कपाट. बहिणीकडे वेस्ट पाइपचा जोड कधीतरी सैल झाला आणि थेंब थेंब गळायला लागला, तेही डस्टबिनच्या मागे, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. लॅमिनेट वरून अगदी नव्यासारखं, पण पाइपसाठी फळीला जे भोक पाडतात ना, त्याची कड उघडीच असते, पाणी तिथून आत शिरलं. आधी तळाची फळी फुगली, मग बाजूची, मग बिजागरीचे स्क्रू धरेनासे झाले आणि शटर खाली घासायला लागलं, आणि दार उघडलं की तो कुबट वास. बिलावर आयएस 710 म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय लिहिलेलं, बाकी कपाटं असतीलही त्याची, पण तळाला कुठली फळी लावली देव जाणे, बसवल्यावर लॅमिनेटच्या आत कोण बघणार! पावसाळ्यात तर ते कपाट वाळतच नाही, आणि एवढ्या हौसेने केलेल्या किचनमध्ये तिला रोज तो वास घ्यावा लागतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्याकडेही सिंक गळलंय. कडप्प्यावर पाणी साचलं, पुसलं, जोड बदलला, झालं. फरशी धुताना पाणी आत गेलं तरी जीव वरखाली होत नाही.

अर्थात प्रत्येकाचं घर वेगळं. ओटा 30 इंचाचा असेल आणि घरातल्यांची उंची चांगली असेल तर कणीक मळताना कंबर भरून येते, तिथे तोडण्याला पर्याय नाही. घर दोन-चार वर्षांत बदलायचं असेल तरी मॉड्युलर सोयीचं पडेल, कपाटं खोलून नेता येतात. पण ओट्याची उंची ठीक आहे, कडप्पा कुठे तडकलेला नाही, आणि त्याच घरात राहायचंय, तर माझं झुकतं माप कडप्प्याला. डेब्रिजचा खर्च वाचतो, सोसायटीची कटकट वाचते, आणि वरचा कडप्पा काढून ग्रॅनाइट टाकलं, मॅट शटरं लावली की किचन ओळखू येत नाही.

फक्त काम करून घेताना मागे उभे राहा. जुनी पार्टिशनं क्वचितच ओळंब्यात असतात, तेव्हा प्रत्येक खणाचं माप पुढे, मागे, वर, खाली सगळीकडे घ्यायला लावा आणि सगळ्यात कमी येईल त्यावर ट्रॉली बनवा, नाहीतर चॅनल, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते ती पट्टी, अर्ध्यात अडकतो. भोकं पाडताना ड्रिलचं हॅमर बंद पाहिजे, नाहीतर कडप्प्याचे टवके उडतात. ट्रॉल्या 304 स्टीलच्याच घ्या (स्वस्तातल्या 202 पेक्षा ते कमी गंजतं) आणि तसं बिलावर लिहून घ्या, कारण दुकानात चुंबक लावून दाखवतात त्याने 202 आणि 304 मधला फरक कळत नाही.

आणि दोन्हीपैकी काहीही करा, सिंकखाली ट्रॉली नको. नुसतं शटर ठेवा, पाइपच्या जोडापर्यंत हात सरळ पोचला पाहिजे.