पितळी पाटी आणि तिच्यावरची तिरकी काडी

धुळ्यात पाचकंदीलच्या मागच्या बाजूला एक वयस्कर कारागीर अजून हाताने पितळी पाट्या कोरतात. बाहेर फलक नाही, टाकीची टकटक ऐकत जायचं. मी देवपूरचा, तलाठी म्हणून निवृत्त झालो. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून घराची पाटी करून घेतली.

आधी दुसऱ्या एका दुकानात लेझरवर अ‍ॅक्रिलिकची केली होती. वरच्या ओळीत ‘पाटील’, खालच्या ओळीत सूनबाईचं आडनाव, रोमन लिपीत. सून लुब्लिनची, पोलंडची, आडनाव वुइचिक. लग्नानंतर तिने ते ठेवलं आणि आमच्या घरात सगळ्यांना ते पसंत आहे. सहा अक्षरं, त्यातल्या दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘ओ’वर, एक तिरकी काडी. दुकानातल्या मुलाने ती चूक समजून परस्पर पुसली. पाटी पाहून सून काही बोलली नाही, पण मला फार लागलं. पोलिश भाषेत काडीवाल्या ‘ओ’चा उच्चार ‘ऊ’ होतो. काडी गेली की नाव दुसरंच होतं.

पितळवाल्या बाबांनी मात्र टाकी हातात घ्यायच्या आधीच विचारलं, “नाना, हाई काडी कसाले?” मग मी बाकड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं.

पोलिश भाषेत वुइत म्हणजे गावचा प्रमुख. मूळ जर्मन फोग्ट, त्याच्याही मागे लॅटिन आडव्होकाटुस. आपला कोर्टातला अ‍ॅडव्होकेट त्याच घरातला. जर्मन धर्तीच्या कायद्याने वसवलेल्या पोलिश शहरांत वुइत हा वंशपरंपरेचा अधिकारी असे. क्राकूव शहराच्या आल्बेर्ट नावाच्या वुइतने तर १३११-१२ मध्ये तिथल्या वुआदिस्वाफ वोक्येतेक या राज्यकर्त्याविरुद्ध बंड केलं होतं. वुइतचं धाकलं रूप वुइचिक, म्हणजे वुइतचा पोरगा. काही जण ते वोयचेख या नावावरूनही धरतात, पण हुद्द्याची वाट मला जास्त पटते. आज पोलंडच्या पहिल्या पाच-सहा आडनावांत ते येतं, जवळपास लाखभर माणसं. खाणी-कारखान्यांच्या कामाला माणसं जर्मनीत, शिकागोत गेली, तिकडेही ते गेलं. अमेरिकेत बहुतेकांच्या नावावरची काडी गळाली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्यातही वुइचिक असणारच, असं मला आपलं वाटतं.

बाबा टाकी थांबवून म्हणाले, “म्हणजे ती बी पाटीलनीच पोर शे!”

अगदी तेच. आमचं पाटील हेही जुन्या लेखांतल्या ‘पट्टकील’वरून आलेलं, पट्ट म्हणजे जमिनीचा लेख, तो सांभाळणारा. खानदेशात हाक मारली तर निम्मी गल्ली वळून बघेल, आणि त्यात जात एक नाही की कूळ एक नाही, कारण मुळात तो हुद्दा. मुलकी पाटलांचा वंशपरंपरेचा हुद्दा १९६२ च्या कायद्याने संपला. त्या वतनांची जुनी दप्तरं मी नोकरीत हाताळली आहेत. पोलंडमध्ये उलट झालं. वुइत हे पद अजून आहे. ग्रामीण ग्मिनाचा म्हणजे गावगटाचा प्रमुख तो, २००२ पासून थेट मतांनी निवडला जातो. त्या खुर्चीवर कुठल्याही आडनावाचा माणूस बसतो आणि वुइचिक लोक बँकेत, दवाखान्यात, शेतावर आपापली कामं करतात.

आता पाटीबद्दल. बारा बाय सहा इंच, जाड पत्रा, १,८५० रुपये, चार दिवस. अक्षरं खोल कोरून आत काळी लाख भरली आहे, बोट फिरवलं तरी कड लागत नाही. ‘पाटील’मधली वेलांटी मला जराशी आखूड वाटते. काडी मात्र कोन धरून, नेमकी जागेवर. त्यासाठी बाबांनी सूनबाईच्या पासपोर्टचा फोटो भिंग लावून तीनदा पाहिला. फोनवर ऑर्डर घेत नाहीत, समोर बसून अक्षरं लिहून द्यावी लागतात. सोमवारी बंद.

सूनबाईने दारात उभं राहून आधी काडीवरच बोट ठेवलं. आता लुब्लिनच्या व्याह्यांसाठी दुसरी पाटी सांगितली आहे. तिच्यावर फक्त देवनागरीत ‘वुइचिक’ कोरायचं आहे, आणि वेलांटी आखूड नको असं मी बाबांना आधीच सांगून आलोय.