गोठ्यासाठी सौर दिवे घेताना झालेली फसवणूक

आमचा गोठा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटरवर माळावर आहे आणि तिथपर्यंत विजेचा खांब आलेला नाही. रात्री जनावरांपाशी उजेड असावा म्हणून मी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून 12 व्होल्टची 150 एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांची, शिसे-ॲसिडची) बॅटरी, 200 वॉटचे सौर पॅनेल, बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर आणि 9 वॉटचे तीन डीसी दिवे घेतले. पक्के बिल नको असेल तर कर वाचेल, असे दुकानदार म्हणाला आणि मी कच्च्या पावतीवर पैसे दिले.

मार्गशीर्षात म्हैस व्यायला आली त्या रात्री सात वाजता लावलेले दिवे साडेनऊला मंद होत होत विझले आणि वडिलांनी मोबाईलच्या उजेडात रेडकू ओढून काढले. वास्तविक अशा बॅटरीत 12 गुणिले 150, म्हणजे सुमारे 1800 वॉट-तास वीज साठते. तिची निम्मीच वापरली तरी 27 वॉटचे दिवे तीस तासांहून अधिक चालायला हवेत.

सकाळी बॅटरी भात मोजायच्या काट्यावर ठेवली, तर ती 29 किलो भरली. ॲसिडसकट या क्षमतेच्या ट्युब्युलर बॅटरीचे वजन साधारण 50 ते 60 किलो असते. लेबलाचा कोपरा नखाने उचलला, तेव्हा खाली अर्धवट खरवडलेले जुने लेबल दिसले. पॅनेलही टेपने मोजले : 102 बाय 67 सेंटिमीटर, म्हणजे पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही. कडक उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॉट ऊर्जा पडते आणि बाजारातली चांगली पॅनेलसुद्धा त्यातल्या 20 ते 23 टक्क्यांचीच वीज करतात. तेव्हा एवढ्याशा पॅनेलमधून 200 वॉट निघणे शक्यच नव्हते.

जाब विचारायला गेलो, तर ही बॅटरी आमची नाहीच, असे सांगून दुकानदाराने हात वर केले. म्हणून कळकळीने सांगतो, असे सामान घेणार असाल तर मोजपट्टी सोबत न्या, बॅटरीचे वजन दुकानातच करायला लावा, तिचा अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्या आणि पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका. फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे; जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, तिच्या आधारे मी हेल्पलाइनवर तक्रार केली आहे आणि पुरावा म्हणून ती बॅटरी तशीच गोठ्यात झाकून ठेवली आहे.